इंग्लंडमधल्या सॉलिसिटरचं बिल अंदाजापेक्षा दहा हजारांनी वाढलं: आता काय?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्या बाई इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात. घटस्फोटातल्या पैशांच्या वाटणीसाठी त्यांनी एक सॉलिसिटर फर्म नेमली. सुरुवातीच्या पत्रात दर होता तासाला २८० पौंड अधिक व्हॅट, आणि एफडीआरपर्यंतचा, म्हणजे न्यायाधीशांसमोर तडजोडीचा प्रयत्न होतो त्या सुनावणीपर्यंतचा, अंदाज होता १२,००० ते १५,००० पौंड अधिक व्हॅट. दर महिन्याला बिलं आली, त्यांनी ती कार्डानं भरली. व्हॅट धरून सगळे मिळून १९,००० पौंड गेले. नोव्हेंबरमध्ये एफडीआर झाली, तिथेच समझोता झाला. आदल्या दिवशी कोर्टात दिलेल्या फॉर्म एच या खर्चाच्या विवरणात फर्मनं आतापर्यंतचा खर्च १९,२०० पौंड दाखवला होता. मग ९,६०० पौंडांचं ‘फायनल बिल’ आलं, ऑगस्ट ते जानेवारी या काळाचं. ते हाती पडून तीन आठवडे झाले. फर्म म्हणते, चौदा दिवसांत भरा, नाहीतर स्टॅच्युटरी डिमांड, म्हणजे दिवाळखोरीच्या अर्जाआधीची लेखी मागणी, काढू. आणि पैसे मिळेपर्यंत फाइल मिळणार नाही. त्या फाइलमध्ये पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं अडकली आहेत. बिल कमी होईल का, आधी भरलेले पैसे परत मागता येतील का, फाइल कशी सोडवायची आणि तक्रार नेमकी कुणाकडे न्यायची, असे त्यांचे चार प्रश्न.

मी कॉस्ट्स लॉयर आहे. सॉलिसिटरांसाठी बिलं तयार करणं आणि दुसऱ्यांनी तयार केलेली बिलं फोडणं, हाच माझा धंदा. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोड्या माहीत आहेत. खाली लिहिलेलं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडची पद्धत वेगळी.

सगळ्यात आधी तारीख बघा. बाकीचं नंतर. सॉलिसिटर्स अ‍ॅक्ट १९७४ च्या कलम ७० खाली, बिल मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत अशिलानं मागणी केली, तर कोर्टाला त्या बिलाच्या तपासणीचा (इथे तिला असेसमेंट म्हणतात) आदेश द्यावाच लागतो. कारण सांगावं लागत नाही, आधी पैसे जमा करावे लागत नाहीत, आणि तपासणी पुरी होईपर्यंत फर्मला त्या बिलावर दावा पुढे नेता येत नाही. महिना उलटला की हा हक्क राहत नाही. तपासणी मिळू शकते, पण कोर्ट अटी घालू शकतं, उदाहरणार्थ काही रक्कम आधी भरा. बारा महिने उलटले, किंवा बिलाचे पूर्ण पैसे भरून झाले, तर ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. आणि पैसे भरून बारा महिने झाले की दार कायमचं बंद. तुमच्या हातात आज साधारण आठवडा आहे.

इथे बहुतेक जण फसतात ते असे: फर्मकडे लेखी तक्रार करतात, फर्म गोड उत्तरं देत राहते, आणि आपण तक्रार केली आहे म्हणजे सगळं थांबलं आहे असं वाटून महिना निघून जातो. तक्रारीनं कलम ७० चं घड्याळ थांबत नाही.

स्टॅच्युटरी डिमांडच्या धमकीनं झोप उडवून घेऊ नका. बिल मिळाल्यापासून एक महिना होईपर्यंत फर्मला बिलाच्या वसुलीसाठी दावाच लावता येत नाही. तीच मुदत कलम ६९ मध्ये आहे. दुसरं, दिवाळखोरीचा अर्ज करायला ठरलेली, निश्चित रक्कम थकलेली असावी लागते. तपासणी न झालेलं आणि अशिलानं मान्य न केलेलं सॉलिसिटरचं बिल अशी निश्चित रक्कम होत नाही, हे हायकोर्टानं २००९ मध्ये ट्रूएक्स विरुद्ध टोल या खटल्यात स्पष्ट केलं. तरीही डिमांड आलीच, तर ती बाजूला ठेवण्यासाठी अर्ज करायला १८ दिवस असतात. ते मात्र चुकवायचे नाहीत. आणि एक बारकी गोष्ट: दिवाळखोरीच्या अर्जाची मर्यादा ५,००० पौंडांची आहे. बिलातला काही भाग तुम्हाला मनापासून मान्य असेल आणि तो ४,७०० च्या आसपास निघत असेल, तर तेवढा भरून टाकला की बाकी त्या मर्यादेच्या खाली जाते. भरताना ‘ही रक्कम वादाबाहेरची, बाकी बिल अमान्य’ असं लिहून भरा. अख्खं बिल मात्र वैतागून भरू नका. भरलंत की ‘विशेष परिस्थिती’च्या खड्ड्यात गेलात.

आता मूळ वाद. तुमच्या पत्रात राग एकूण २८,६०० पौंडांवर आहे. माझ्या मते भांडण तिथे नाहीच. अंदाजाची वरची कड १५,००० अधिक व्हॅट, म्हणजे १८,००० पौंड. फॉर्म एचमधला आकडा १९,२००. एफडीआरपर्यंत फर्म अंदाजाच्या थोडीच पुढे गेली होती, आणि पैशांच्या खटल्यात एवढी वाढ कोणताही कॉस्ट्स जज (खर्चाची बिलं तपासणारा न्यायाधीश) माफ करेल. बिघडलं ते त्यानंतर. समझोता झाल्यावर उरतं काय? कन्सेंट ऑर्डरचा (समझोत्यावरच्या कोर्टाच्या आदेशाचा) मसुदा, दोघांच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा फॉर्म डी८१, समोरच्या वकिलाशी दोनचार पत्रं, कोर्टाची मंजुरी. ९,६०० मधून व्हॅट काढला की ८,००० राहतात; २८० नं भागलं तर साडेअठ्ठावीस तास. समझोता झालेल्या प्रकरणात साडेअठ्ठावीस तास हा आकडा ऐकून माझ्या भुवया वर जातात.

पण बिल जानेवारीपासून मागे थेट ऑगस्टपर्यंत जातं, आणि माझ्या दृष्टीनं तुमच्या हातातला हुकमी पत्ता हाच आहे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरची मासिक बिलं तुम्हाला त्या त्या वेळी आली होती आणि तुम्ही ती भरली होती. मग त्याच महिन्यांचा वेळ आता पुन्हा कसा?

याचं उत्तर फर्मला दोनपैकी एकच देता येतं. मासिक बिलं दोन जातीची असतात. एक म्हणजे त्या त्या काळापुरतं अंतिम बिल, ज्याला धंद्यात ‘इंटरिम स्टॅच्यूट बिल’ म्हणतात. ते तसं मानलं जायला तुमच्या करारात तशी स्पष्ट तरतूद हवी किंवा प्रकरणात नैसर्गिक टप्पा आलेला हवा, आणि मुख्य म्हणजे त्या काळाचा हिशेब त्यात पुरा झालेला हवा. दुसरी जात म्हणजे नुसती उचल: खर्चापोटी पुढे मागितलेले पैसे, ज्यांचा खरा हिशेब शेवटी एकाच बिलात व्हायचा असतो. तुमची मासिक बिलं पहिल्या जातीची असतील, तर ऑगस्ट ते ऑक्टोबरचा हिशेब मिटलेला आहे. राहून गेलेले तास फायनल बिलात घुसडता येत नाहीत. दुसऱ्या जातीची असतील, तर पहिल्या दिवसापासूनचा सगळा हिशेब उघडा आहे, तुम्ही भरलेले १९,००० पौंड ही निव्वळ उचल आहे आणि बारा महिन्यांची मुदत त्या जुन्या भरण्यांना लागूच होत नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवायला फर्मला जागा नाही.

त्यावर फॉर्म एच. पैशांच्या वाटणीच्या खटल्यात प्रत्येक बाजूला सुनावणीआधी आपला झालेला आणि पुढे होणारा खर्च कोर्टाला लेखी कळवावा लागतो. २०२० च्या बदलांनंतर हे आकडे स्वतःच्या अशिलालाही द्यावे लागतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये फर्मनं कोर्टाला सांगितलं की आजपर्यंत १९,२०० झाले, आणि जानेवारीत तुम्हाला सांगतात की नोव्हेंबरच्या आधीचेही काही हजार बाकी होते. यातलं एक विधान चुकीचं आहे. कॉस्ट्स जजसमोर ही विसंगती ठेवली की फर्मच्या वकिलाला बरंच घसा खाकरावा लागतो. फॉर्म एच तुमच्याकडे आहे, हे नशीब. तो नीट जपून ठेवा.

मग सगळी मासिक बिलं उघडून बसावं का? इथे थोडं थंड डोक्यानं गणित करायला हवं, कारण कलम ७० मध्येच ‘एक पंचमांश’चा नियम आहे. तपासणीत बिल वीस टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं, तर तपासणीचा खर्च फर्मवर. त्यापेक्षा कमी उतरलं, तर तुमच्यावर. आणि तपासणीचा खर्च सहज काही हजारांत जातो. फक्त शेवटचं बिल धरलं तर तुम्हाला ९,६०० मधून १,९२० उतरवायचे आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबरचा दुबार वेळ निघाला तरी ते होऊन जाईल. पण सगळी बिलं मिळून एकच बिल धरलं, तर २८,६०० मधून ५,७२० उतरवावे लागतील, आणि त्यातल्या १९,००० वर तुमची बाजू फारशी भक्कम नाही. ५,००० पौंड वाचवून खर्च मात्र तुम्ही भरायचा, असा निकाल लागू शकतो. म्हणून जुनी बिलं उघडण्याचा मुद्दा पत्रात धाकासाठी जरूर वापरा, मागणी मात्र शेवटच्या बिलापुरती ठेवा. आधी भरलेल्या पैशांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे: मागता येतील कदाचित, पण मागू नयेत.

एक अपवाद आहे. सुरुवातीला तुम्ही १,५०० पौंड आगाऊ ठेवले होते आणि फर्मनं ते स्वतःच कुठल्यातरी बिलात वळते करून घेतले, असं तुमच्या पत्रात ओझरतं आलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ओकवुड सॉलिसिटर्सच्या खटल्यात ठरवलं की सॉलिसिटरनं हाती असलेल्या रकमेतून परस्पर कापून घेतलं म्हणजे अशिलानं बिल ‘भरलं’ असं होत नाही. त्या बिलापोटी तेवढी रक्कम घ्यायला अशिलाची संमती हवी. ते प्रकरण अपघाताच्या भरपाईतून कापलेल्या पैशांचं होतं, पण तत्त्व तुम्हालाही उपयोगाचं आहे. ते १,५०० कुठल्या बिलाला लावले आणि तुम्हाला आधी विचारलं होतं का, तेवढं तपासा.

अंदाजाबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज पक्का असतो. पुण्यामुंबईत वकिलाशी अमुक कामाचे अमुक, किंवा एका तारखेचे इतके, असं ठरवायची सवय, त्यामुळे पत्रातला आकडा ही ठरलेली फी वाटते. इथे तो रिक्षाच्या मीटरसारखा आहे; चढताना चालकानं ‘दीडशे होतील’ म्हटलं तरी पैसे मीटरचेच. मात्र अंदाजाला काहीच किंमत नाही असंही नाही. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या आचारसंहितेप्रमाणे एकूण खर्च किती होईल याची शक्य तितकी चांगली माहिती सुरुवातीला आणि काम पुढे सरकेल तशीही द्यायची असते. ती न देता खर्च वाढला, तर कोर्ट अंदाज हा मोजपट्टीसारखा वापरतं. मास्टरसिगार्स विरुद्ध विदर्स या खटल्यातला विचार असा: अंदाज अधिक ठरावीक टक्के, असं यांत्रिक गणित नाही, अशिलानं त्या आकड्यावर विसंबून काय केलं, आणि खरा आकडा वेळेत कळला असता तर काय वेगळं केलं असतं, हे बघायचं. म्हणून ‘मला धक्का बसला’ एवढं पुरत नाही. ‘एफडीआरनंतर कन्सेंट ऑर्डरला आणखी आठ हजार लागणार हे कळलं असतं, तर मी तो मसुदा बॅरिस्टरकडून ठराविक फीमध्ये करून घेतला असता’ हे पुरतं. एफडीआरच्या दिवशी तुमचा बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा वकील, तिथे होताच. समझोत्याचा मसुदा त्यानं तिथेच केला असेल, तर फर्मनं पुढे नेमकं काय लिहिलं हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

एफडीआरनंतरच्या टप्प्यासाठी फर्मनं तुम्हाला एकही अंदाज दिला नव्हता, हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. तुम्ही ते शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय. तक्रारीत ते पहिलं घ्या. तुमची तक्रार ‘काम वाईट केलं’ अशी मांडू नका. कामाचा दर्जा हा वेगळा, निष्काळजीपणाचा विषय होतो, त्याचे पुरावे वेगळे, आणि समझोता तर तुम्हाला मान्य होता. तुमची तक्रार ‘मला आकडा सांगितला नाही’ अशी आहे.

फर्म यावर म्हणेल, हे सगळं काम तुमच्या सांगण्यावरूनच केलं. आणि नियम खरोखर त्यांच्या बाजूचा आहे: अशिलाच्या संमतीनं केलेला खर्च वाजवी धरला जातो, शंकेचा फायदाही सॉलिसिटरला मिळतो. पण संमती म्हणजे समजून दिलेली संमती. २०१९ च्या एचएच लॉच्या निकालात कोर्ट ऑफ अपीलनं हे ठासून सांगितलं की पूर्ण आणि प्रामाणिक खुलासा झाल्याशिवाय मान हलवल्याला संमती म्हणत नाहीत. खर्च नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरूपाचा असेल, तर तो समोरच्याकडून वसूल होणार नाही हेही आधी सांगावं लागतं. हा दुसरा भाग मात्र तुमच्या कामी फारसा येणार नाही. कौटुंबिक पैशांच्या खटल्यात मुळातच ज्यानं त्यानं आपापला खर्च सोसायचा असतो.

बिलातल्या ओळींकडे वळण्याआधी एक सावधगिरी. इंटरनेटवर कुणीतरी सांगतं, ‘तीन महिन्यांच्या आत कलम ६४ खाली तपशीलवार बिल मागा, तुमचा हक्क आहे.’ हक्क आहे, खरं. पण ठोक रकमेच्या बिलावर ही मागणी केली की ते ठोक बिल रद्द होतं, आणि त्याच्या जागी येणारं तपशीलवार बिल मोठं असू शकतं. ९,६०० चे ११,००० होऊन आलेले मी पाहिलेत. त्यापेक्षा साध्या शब्दांत ‘टाइम लेजरची प्रत द्या’ म्हणून मागा: कुणी, कोणत्या दिवशी, किती मिनिटं, कशासाठी. कलम ६४ चा उल्लेख करू नका.

लेजर आल्यावर दर बघत बसू नका. २०२५ साठीच्या कोर्टांच्या मार्गदर्शक दरांत लंडनबाहेरच्या दोन पट्ट्यांत आठ वर्षांवर अनुभव असलेल्या सॉलिसिटरला तासाला २८८ आणि २८२ पौंड होते. तुम्ही २८० वर सही केली आहे. तिथे डोकं आपटून काही हाती लागणार नाही. हां, तुमचं काम प्रत्यक्षात ट्रेनी किंवा नवशिका सॉलिसिटर करत होता आणि लागला २८०, तर गोष्ट निराळी. किंवा मध्येच दर वाढवला आणि तो फक्त बिलाच्या तळटीपेत कळवला, तर तीही.

बघायचं ते असं. तुमची सॉलिसिटर सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून गेली आणि दुसरी आली, असं तुम्ही लिहिलंय. नव्या बाईंनी फाइल वाचायला लावलेले तास तुमच्या खाती असतील. ते फर्मनं सोसायचे, तुम्ही नाही. दोन सहकाऱ्यांनी आपापसात चर्चा केली आणि दोघांचाही वेळ लावला, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर खूण करा. बिल तयार करायला आणि तुमच्या बिलाच्या प्रश्नांना उत्तर द्यायला लावलेला वेळही.

आणि पुण्याचा फ्लॅट. फॉर्म ई या आर्थिक माहितीच्या फॉर्ममध्ये जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते, त्यामुळे तो विषय टळणारा नव्हता. पण इंडेक्स टू म्हणजे काय, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कशाला लागतं, रेडी रेकनरचा भाव आणि बाजारभाव यांत फरक का पडतो, हे शिकण्यात इथल्या सॉलिसिटरचे तासन्‌तास जातात आणि ते तुमच्या बिलावर चढतात. पुण्यातल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरचा इंग्रजी अहवाल मागवला असता तर हे सगळं चार पानांत आलं असतं. एफडीआरला फ्लॅटची किंमत दोन्ही बाजूंनी मान्य केली होती ना? मग त्यानंतर ‘भारतीय मालमत्तेची कागदपत्रं वाचणे’ अशी ओळ दिसली तर तिच्यासमोर मोठं प्रश्नचिन्ह ठेवा. मराठी अशिलांच्या बिलांत मला सगळ्यात जास्त चरबी याच ओळींत सापडते.

दुसऱ्या बाजूचंही बोलतो. इथे वेळ सहा मिनिटांच्या एककात मोजतात. तुमचा प्रत्येक ईमेल वाचला की एक एकक: २८ पौंड, व्हॅट धरून ३३.६०. रात्री अकराला मनात आलं म्हणून एक, साडेअकराला ‘आणखी एक राहिलं’ म्हणून दुसरा, सकाळी नवऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट म्हणून तिसरा. ते तास कुठलाही जज कापणार नाही. लेजरमध्ये ते किती आहेत ते स्वतःशी प्रामाणिकपणे मोजा, म्हणजे वाद कशावर घालायचा आणि कशावर नाही हे ठरवता येईल.

कुठे जायचं? तीन ठिकाणं डोक्यात असतात, त्यातलं एक लगेच पुसून टाका. रेग्युलेशन अथॉरिटी गैरवर्तनाची चौकशी करते, बिल कमी करत नाही. उरले लीगल ऑम्बड्समन (वकिलांविरुद्धच्या अशिलांच्या तक्रारी सोडवणारी संस्था) आणि कोर्ट. ऑम्बड्समनकडे जाण्याआधी फर्मकडे तक्रार करून आठ आठवडे द्यावे लागतात. फर्मच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिने, आणि मूळ घटनेपासून किंवा ती कळल्यापासून एक वर्ष, या दोन्ही मुदती पाळाव्या लागतात. पैसे लागत नाहीत, फी कमी करायला लावायचा अधिकार त्यांना आहे, आणि निर्णय तुम्ही स्वीकारलात तर तो फर्मवर बंधनकारक असतो. ‘खर्चाची माहिती दिली नाही’ ही तक्रार तर त्यांच्या रोजच्या कामातली. ओळ न्‌ ओळ तपासणं मात्र ते करत नाहीत. भारतातून आलेल्यांना ही सोय नवलाची वाटते. तिकडे मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवलं.

कोर्ट म्हणजे लंडनमधलं सीनियर कोर्ट्स कॉस्ट्स ऑफिस, आणि तिथे दिवाणी नियमांतल्या पार्ट ८ खालचा दावा. आदेश झाला की फर्मला २८ दिवसांत खर्चाची फोड द्यावी लागते, मग १४ दिवसांत तुमचे आक्षेप. काम काटेकोर होतं, पण महाग. २०२२ मध्ये कॅम लीगल सर्व्हिसेसच्या खटल्यात कोर्ट ऑफ अपीलनंच म्हटलं होतं की छोट्या रकमांसाठी ऑम्बड्समनचा मार्ग जास्त शहाणपणाचा. ९,६०० च्या वादात मीही तिकडेच झुकतो. फक्त फर्म दावा किंवा डिमांड यावर अडून बसली, तर महिन्याच्या आतला हक्क वापरलेला बरा, कारण तो त्यांचे हात तिथल्या तिथे बांधतो.

फाइल. इथे सॉलिसिटरला फीपोटी कागद अडवून ठेवायचा हक्क आहे, त्याला लिअन म्हणतात. भारतात सुप्रीम कोर्टानं २००० मध्येच, आर. डी. सक्सेना यांच्या निकालात, वकिलाला असा हक्क नाही असं सांगून टाकलं. म्हणून आपल्या लोकांना ही सरळसरळ दांडगाई वाटते. इथे ती कायदेशीर आहे. मार्ग दोन. नवा सॉलिसिटर घेतलात तर तो जुन्या फर्मला लेखी हमी देतो की कागद लिअन कायम ठेवून सांभाळीन. बहुतेक फर्म ते मानतात. किंवा वादातली रक्कम त्रयस्थाकडे ठेवायची तयारी दाखवा. फर्मनं तरीही हेका सोडला नाही, तर कलम ६८ खाली कागद देण्याचा आदेश मागता येतो. पण तुम्हाला खरोखर लागतंय काय, ते आधी बघा. शिक्का मारलेली ऑर्डर फॅमिली कोर्टाकडून थेट मागवता येते. इंडेक्स टूची प्रत महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाकडून मिळते. मूळ शेअर सर्टिफिकेट हा एकच कागद असा आहे ज्यासाठी खटपट करावी लागेल, आणि त्याचीही दुय्यम प्रत सोसायटी ठराव करून देते.

या आठवड्यात एक पत्र पाठवा, दोन पानांच्या आत, फर्मच्या तक्रार पाहणाऱ्या पार्टनरच्या नावानं. त्यात क्रम असा ठेवा: एफडीआरनंतर अंदाज दिला नाही, ऑगस्ट ते ऑक्टोबरची बिलं अंतिम होती की उचल, एका वाक्यात सांगा, फॉर्म एचमधला आकडा आणि फायनल बिल जुळत नाहीत, खुलासा करा, टाइम लेजरची प्रत द्या. मग विचारा, महिन्याची मुदत गेल्याचा मुद्दा पुढे कधीही काढणार नाही असं लेखी देता का, नाहीतर मुदतीत दावा लावावा लागेल. उत्तरासाठी तीन दिवस द्या. त्याच वेळी वेगळ्या पत्रानं, ‘विदाउट प्रेज्युडिस सेव्ह अ‍ॅज टू कॉस्ट्स’ (म्हणजे खर्चाचा प्रश्न सोडून हे पत्र कोर्टाला दाखवायचं नाही) असं वर लिहून, पैशांचा प्रस्ताव ठेवा. तुमच्या जागी मी व्हॅटसह ४,५०० पासून सुरुवात करून ६,००० च्या आसपास थांबायची तयारी ठेवली असती. लेजरमध्ये दुबार वेळ ठळक निघाला तर त्याहून खाली.